ठासणी आणि भरमार

आमच्या घरातल्या बंदुकीला दोन नावे आहेत. परवान्याच्या पुस्तकात ती हिंदीत 'एकनाली भरमार' आहे. आजोबांच्या, वडिलांच्या आणि माझ्या तोंडी ती 'ठासणी'. पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. आपल्याकडे शेताचा धुरा मराठीत असतो आणि त्याच शेताचा खसरा हिंदीत. लग्नाची पत्रिका मराठीत छापतात, जन्माचा दाखला हिंदीत येतो. तेव्हा बंदुकीने दोन नावे लावली तर बिघडले कुठे?

यंदा परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली तेव्हा धाकट्या भावाने विचारले, "दादा, काय करायचं? पैसे भरायचे का देऊन टाकायची?" शेती तो पाहतो, मी शिक्षकी करून निवृत्त झालेला, कागदपत्रांचा माणूस. म्हणून जुनी पेटी माझ्यापुढे आली. तिच्यात आजोबांच्या अर्जाची प्रत होती, साल १९६३. अर्जात लिहिले होते, डुकरे व रोही पिकाची नासाडी करतात, सबब पीकरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना मिळावा.

मी त्या कागदावर बराच वेळ अडकलो. १९६३ साल म्हणजे माणूस अंतराळात जाऊन आला त्यालाही दोन वर्षे झाली होती. तोंडातून दारू भरून गजाने ठासायची बंदूक ब्रिटिश फौजेने १८६६ मध्ये मागे टाकून मागून काडतूस भरायची स्नायडर बंदूक घ्यायला सुरुवात केली होती. मग त्यानंतर शंभर वर्षांनी आमच्या आजोबांनी आपल्या आयुष्यातली पहिली बंदूक म्हणून ठासणीच का मागावी? लहानपणी मला वाटे, आजोबा चिकट होते म्हणून. ते चिकट होतेच. पण आता कळते, की त्यांची निवड त्यांनी एकट्याने केलेली नव्हती. तिच्यात दीडशे वर्षांचा इतिहास बसलेला होता.

*

आपला मुलूख आधी देवगडच्या गोंड राजांचा आणि पुढे नागपूरकर भोसल्यांचा. भोसल्यांच्या फौजेत अरबांच्या तुकड्या होत्या. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी जी लढाई झाली तिच्यात हे अरब लढले. त्या काळातली देशी बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे पेटती वात. चाप ओढला की वात रंजकावर टेकते, रंजक पेटते आणि त्याची आग बारीक छिद्रातून नळीतल्या दारूत जाते. दुसऱ्या वर्षी आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गोंड जमीनदारांच्या आश्रयाला गेले, तेव्हा डोंगरातली हत्यारे म्हणजे धनुष्यबाण, कुऱ्हाडी आणि अशाच तोड्याच्या बंदुका. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. त्यात छिंदवाडा जिल्हा आणि त्याची सौंसर तहसील आली. पांढुर्णा तेव्हा सौंसर तहसिलीतच मोडत असे.

राज्य गेले तरी बंदुका घरोघर होत्या. त्यांचा खरा हिशेब १८५७ नंतर झाला. त्या वर्षीच्या उठावाने इंग्रज इतका हादरला, की हत्यारांवर एकामागून एक कायदे आले आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या अमदानीत हिंदुस्थानचा शस्त्र कायदा झाला. परवान्यावाचून बंदूक बाळगता येईना. नियमांतल्या सवलतींमुळे गोऱ्या साहेबाला मात्र सहसा परवाना लागत नसे. बंदूक असणे न असणे ही त्या दिवसापासून कातडीच्या रंगाची गोष्ट झाली. हा सल किती खोल होता ते पुढे दिसले. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतली एक स्वसंरक्षणासाठी बंदुकांचे परवाने द्यावेत अशी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसनेही नागरिकांच्या मूलभूत हक्कांत नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला.

याच काळात आपल्या शेजारच्या जंगलांवर साहेबांनी पुस्तके लिहिली. कॅप्टन जेम्स फोर्साइथ याने सातपुड्याच्या या पठारांवर 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' लिहिले. ते १८७१ मध्ये निघाले. स्टर्नडेलचे सिवनीवरचे पुस्तक १८७७ चे. दोघेही शिकारीत मुरलेले; फोर्साइथने तर शिकारी रायफली आणि त्यांच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. साहेबाकडे विलायतेत मापाने बनवलेली दुनळी, आणि त्याला वाट दाखवणाऱ्या गावच्या शिकाऱ्याकडे बापजाद्यांची ठासणी, हे त्या काळचे नेहमीचे चित्र. किपलिंगने १८९४ मध्ये 'जंगल बुक' लिहिले तेव्हा त्यानेही हेच चित्र घेतले. मोगलीच्या गावातला शिकारी बलदेव आठवतो? फुशारक्या मारणारा, ज्याच्या खांद्यावर जुनी 'टॉवर'ची बंदूक आहे. लंडनच्या टॉवरचा शिक्का असलेल्या, फौजेने काढून टाकलेल्या त्या ठासण्या. त्या कथेत साहेब लोक राहतात ते कान्हीवाडा म्हणजे सिवनी जिल्ह्यातले खरे गाव. मुले त्या बलदेवाला हसतात. मीही हसलो होतो. पण बलदेवाला दुसरी बंदूक मिळणे शक्य तरी होते का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

*

आता ठासणी चालते कशी ते सांगायला हवे, कारण निवडीचे गणित त्यातच आहे.

काडतुसात दारू, छर्रे आणि टोपी कारखान्यातून एकत्र बंद होऊन येतात. ठासणीत ते सगळे आपण हाताने भरायचे. नळी उभी धरायची, मापाने काळी दारू ओतायची, वर कापडाचा किंवा काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचा, मग छर्रे किंवा गोळी, आणि ती घरंगळू नये म्हणून पुन्हा बोळा. शेवटी घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची. टोपीत ठिणगी देणारे पाऱ्याचे मिश्रण असते. घोडा टोपीवर आदळतो, टोपी फुटते आणि आग नळीत जाते. ठोक्याने पेटणाऱ्या या मिश्रणाची युक्ती १८०७ मध्ये पेटंट केली ती स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या एका धर्मोपदेशकाने. आडनाव तेच, माणूस वेगळा. चकमकीच्या बंदुकीत आधी रंजकाचा भपका होई, तो पाहून पाखरे उडून जात. त्याला ते सहन होईना. टोपीची बंदूक जगभर गेली ती या शिकारी पाद्र्याच्या वैतागातून.

काळी दारू म्हणजे शंभर भागांत साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग राख होऊन नळीत आणि धुरात राहतो. ही राख हवेतले पाणी ओढते आणि लोखंड खाते. म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवायची, कोरडी करायची आणि तेलाचा हात द्यायचा. आमच्या घरी दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला आजी पाणी तापवी तेव्हा म्हणत असे, "पयले बंदुकीची आंघोय, मंग पोट्ट्यायची."

शेतकऱ्याच्या दृष्टीने ठासणीचा मोठा गुण असा, की प्रत्येक बाराची किंमत त्याच्या हातात असते. काडतूस अर्धे उडवता येत नाही. ठासणीत नुसती दारू आणि बोळा घातला की आवाजाचा बार निघतो, शिसे वाचते. गोळी हवी तर जुने शिसे वितळवून घरी साच्यात ओतता येते. आजोबांना बंदुकीच्या नळीचे माप असेच समजावलेले होते. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बरोबर बसेल ती नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. सोळा बोअरची नळी अरुंद, गोळी हलकी, दारूही कमी लागते. बाजारातल्या वजनकाट्याने हिशेब करणाऱ्या माणसाला हे माप लगेच पटते.

*

मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण मालगुजारांच्या वाड्यांतल्या काडतुसी दुनळ्या राहिल्या. त्या शिकारीच्या. कुणब्याला बंदूक हवी होती ती जागलीसाठी. आजोबांनी नागपूरच्या दुकानात काडतुसी एकनळी पाहून ठेवली होती म्हणतात. पण १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली. त्याआधी नागपूर आपल्याच मध्य प्रदेशाची राजधानी होते. आता ते साठ-पासष्ट किलोमीटरवर असूनही परराज्यात गेले. आजोबांच्या परवान्याची हद्द होती जिल्ह्यापुरती. बंदूक नागपुरातून आणायची तर आणखी कागद, आणखी खेटे. शिवाय काडतुसी बंदुकीची किंमत ऐकून ते दुकानाच्या पायरीवरूनच परतले होते.

शेवटी सौंसरकडच्या एका गावातल्या म्हाताऱ्या गृहस्थांची जुनी ठासणी त्यांनी रीतसर विकत घेतली आणि बंडीतून घरी आणली. पैसे कमी असलेल्या माणसाने जुनी बंदूक कशी पारखावी, हे ते पुढे कितीतरी वर्षे लोकांना सांगत. मी ते इतक्यांदा ऐकले आहे, की आजही पाठ आहे.

पहिली गोष्ट, बंदूक भरलेली आहे का ते पाहायचे. गज नळीत सोडायचा, तोंडाशी बोटाने खूण धरायची, मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावायचा. गज बुडापर्यंत पोचला नाही तर आत काहीतरी आहे. विकणारा देवमाणूस असला तरी ही परीक्षा सोडायची नाही. दुसरी, टोपी जिच्यावर बसते त्या बारीक भोकाच्या नळीतून वारा जातो का ते पाहायचे. तिसरी, नळी सुटी करून दोरीला टांगायची आणि टिचकी मारायची. चांगली नळी देवळातल्या घंटेसारखी वाजते; तडा असेल तर आवाज बद्द येतो. चौथी, बुडाकडचा गंज. दारू तिथेच जळते, जोरही तिथेच बसतो, म्हणून तोंडाशी चकाकणाऱ्या नळीला भुलायचे नाही. पाचवी, घोडा अर्ध्यावर अडकतो का आणि अडकल्यावर चाप ओढून सुटतो का. सुटला तर ती बंदूक घरात लेकरेबाळे असणाऱ्याने घ्यायची नाही. लाकडी दस्त्याला मात्र ते काही महत्त्व देत नसत. दस्ता सुतार करून देतो, नळी कोणी करून देत नाही.

पुढे जिम कॉर्बेटचे 'जंगल लोअर' वाचताना मला आजोबा आठवले. कॉर्बेटची पहिली बंदूकही ठासणीच होती. दुनळी, पण उजवी नळी फाटलेली आणि दस्ता पितळी तारेने आवळलेला. फुकट मिळालेली, म्हणून त्याने डाव्या नळीवर भागवले. गरज आणि कमाई यांचा मेळ घालताना शिकारी काय आणि शेतकरी काय, दोघांना सारखेच डोळे फुटतात.

*

पण आजोबांच्या निवडीचे सगळ्यात मोठे कारण मला कायद्याच्या पुस्तकात सापडले. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात लिहिले आहे, की खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी कोणी ठासणीची बंदूक मागितली, तर नकाराची कायद्यातली कारणे नसल्यास त्याला परवाना द्यायचा. ठासणी पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच पीकरक्षणासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल.

हे वाक्य मी दोनदा वाचले. शेतकऱ्यासाठी कायद्याने बंदूकच निवडून ठेवली होती. का ते उघड आहे. ठासणी एकदा उडाली की पुन्हा भरायला सरावलेल्या हातालाही अर्धे मिनिट लागते, अंधारात आणि पावसात त्याहून जास्त. तिने दंगा करता येत नाही, दरोडा घालता येत नाही, बंड तर नाहीच. १८५७ नंतर साहेबाच्या मनात बसलेली भीती स्वराज्याच्या कायद्यात सौम्य होऊन उरली होती. सरकारचा शेतकऱ्यावर विश्वास होता, पण एका बाराइतकाच.

आणि तरी, खरे सांगायचे तर, ते कलम गरिबाच्या सोयीचेही होते. त्यात 'द्यावा' असे म्हटले आहे. सावकाराची चिठ्ठी किंवा मालगुजाराची शिफारस मागितलेली नाही. ज्या माणसाच्या वडिलांना आणि आजांना बंदुकीच्या आसपास फिरकू दिले नव्हते, त्याला प्रथमच हक्काने एक नळी मिळाली. आजोबांनी परवान्याचे पुस्तक देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवले होते, ते उगीच नव्हे.

*

या बंदुकीने शिकार केली का? केली. लपवून उपयोग नाही. राखणीच्या नावाखाली ससे पडले, तितर पडले आणि एका भादव्यात मक्यात शिरलेले एक डुक्कर पडले. त्याचे वाटे गावभर गेले. तो काळच तसा होता आणि जंगल आपल्या मागच्या अंगणासारखे वाटे. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची दारे जवळजवळ बंद झाली. पूर्वेकडे पेंचचे जंगल १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. आज उभ्या पिकाला धोका असला तरी जनावर मारायला अधिकाऱ्याची कारणांसह लेखी परवानगी लागते. हे योग्यच झाले असे मी मानतो. तितरांचा आवाज कमी झालेला मी माझ्याच हयातीत ऐकला आहे, आणि त्यात आमच्या ठासणीचाही वाटा आहे.

आजोबांनी मात्र शिकारीची प्रौढी कधी मिरवली नाही. आमच्याकडे पोळ्याच्या पाडव्याला जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव गोटमार खेळतात. दगड लागला म्हणजे काय होते हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. बंदूक त्याहून वाईट, असे ते म्हणत. जागलीला जाताना ते बहुतेक वेळा बिनछर्ऱ्याचाच बार भरत. मी एकदा विचारले तर म्हणाले, "अरे, बंदूक डुकराले मारासाठी नाही घेतली. डुकराले सांगासाठी घेतली, का मी जागा हावो."

अडचण अशी, की डुकरांनी ते ऐकणे केव्हाच सोडून दिले आहे. कळप वाढले. भुईमूग, मका, हरभरा, कशातही रात्रीतून वाफेच्या वाफे उलटे होतात. संत्र्याच्या कलमांची मुळे उघडी पडतात. भाऊ सौरऊर्जेच्या तारांचे कुंपण घालतो, टॉर्च घेऊन बसतो, डबा वाजवतो. बंदुकीचा बार ऐन पावसाळ्यात दमट दारूने फुसका निघतो, टोप्या मिळवायला शहर गाठावे लागते आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली, तेवढाच दिलासा. म्हणजे बंदूक आहे ती आता कागदावर राखण करते.

तरीही 'देऊन टाकू' हे शब्द उच्चारायला आम्हा दोघा भावांना आठ दिवस लागले. कारण सोपे आहे. ठासणी देणे म्हणजे आजोबांना मिळालेला तो एक बाराचा विश्वास परत करणे. त्याच्या बदल्यात पिकाला दुसरे संरक्षण कोणी दिले असते तर इतके जड गेले नसते. शेतकऱ्याला बंदूक नको, हे मला मान्य आहे. पण बंदूक नको म्हटल्यावर त्याच्या रात्रीचे काय, हे कोणीतरी सांगायला हवे. १९६३ च्या अर्जात आजोबांनी जे गाऱ्हाणे लिहिले, तेच भावाला आज शब्दही न बदलता लिहिता येईल.

२०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. भाऊ आणि मी बंदूक घेऊन गेलो. निघण्याआधी भावाने गज नळीत सोडला, खूण धरली, बाहेरून लावून पाहिली. गज बुडाला टेकला. मी अर्ज हिंदीत लिहिला होता: एकनाली भरमार, चालू हालत में. टेबलामागच्या तरुण कारकुनाने अर्ज वाचला, कापडात गुंडाळलेल्या बंदुकीकडे पाहिले आणि मराठीत विचारले, "ठासणी आहे का हो काका? आमच्या आज्याजवळ पण होती."

आम्ही पावती घेतली. ती आता १९६३ च्या अर्जाबरोबर पेटीत आहे.